बाबी यार : एका गाळलेल्या शब्दाचा इतिहास

२८ सप्टेंबर १९४१ रोजी कीव शहराच्या भिंतींवर एक सूचनापत्रक डकवले गेले. जर्मन फौजांनी युक्रेनची ही राजधानी ताब्यात घेऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. रशियन, युक्रेनियन आणि जर्मन अशा तीन भाषांत छापलेल्या त्या पत्रकात एकच आदेश होता. शहरातील आणि आसपासच्या सर्व ज्यूंनी सोमवारी, २९ सप्टेंबरला, सकाळी आठ वाजेपर्यंत दफनभूमीजवळच्या एका नाक्यावर हजर व्हावे. सोबत कागदपत्रे, पैसे, मौल्यवान वस्तू, गरम कपडे आणावेत. जो येणार नाही त्याला गोळी घातली जाईल. रशियन मजकुरात ज्यूंसाठी वापरलेला शब्द शिवीवजा होता.

आदेश पाळून निघालेल्यांत तरुण पुरुष थोडेच होते. ते एक तर सैन्यात गेले होते, नाहीतर कारखान्यांबरोबर पूर्वेकडे हलवले गेले होते. मागे उरले होते ते म्हातारे, आजारी, बायका आणि मुले. नेमून दिलेल्या नाक्यापासून मालगाड्यांचे स्थानक जवळच होते. त्यामुळे आपल्याला दुसरीकडे कुठेतरी नेऊन वसवणार अशी बहुतेकांची समजूत झाली, आणि गाडीत बरी जागा मिळावी म्हणून कित्येक कुटुंबे अंधार असतानाच घराबाहेर पडली. त्या वाटेच्या शेवटी गाडी नव्हती. बाबी यार नावाची खोल घळ होती. तिथे २९ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालून मारण्यात आले. ३० तारखेच्या संध्याकाळी योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा सर्वांत पवित्र दिवस, सुरू होत होता.

३३,७७१ हा आकडा कोणा इतिहासकाराने हिशेब करून काढलेला नाही. तो मारणाऱ्यांनीच बर्लिनला पाठवलेल्या अहवालात नोंदवला आहे. हत्याकांडाची मुख्य जबाबदारी पाउल ब्लोबेल याच्या हाताखालच्या सोंडरकोमांडो ४अ या तुकडीची. तिच्या मदतीला जर्मन पोलीस बटालियन होत्या आणि स्थानिक युक्रेनियन पोलीसही होते. अहवालाची भाषा गोदामातील मालाची नोंद करावी तशी आहे. आकडा, दिवस, ठिकाण, आणि कोण मारले गेले त्याचे उत्तर : ज्यू. मारेकऱ्यांच्या मनात याविषयी कसलीही संदिग्धता नव्हती.

दीना प्रोनिचेवा हिची साक्ष या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. ती कीवच्या बाहुलीनाट्यगृहातील नटी होती. तिचे आडनाव नवऱ्याचे, म्हणजे रशियन होते. आपण ज्यू नाही, चुकून इथे आलो, असे सांगून तिने स्वतःला बाजूला काढून घेतले. तिच्यासारखी आणखीही काही माणसे बाजूला बसवलेली होती. पण संध्याकाळी एका अधिकाऱ्याने हुकूम दिला की, यांनी सगळे पाहिले आहे, तेव्हा यांनाही सोडता येणार नाही. गोळी लागण्याआधीच तिने खाली उडी घेतली, प्रेतांवर निपचित पडून राहिली आणि वरून माती लोटली गेल्यावर अंधारात तीतून वाट काढत बाहेर आली. जानेवारी १९४६ मध्ये कीव येथे चाललेल्या खटल्यात तिने हे सारे न्यायालयापुढे सांगितले. त्या दिवशी घळीच्या काठावर माणसाचे मरण एका शब्दावर अवलंबून होते. प्रस्तुत लेख त्या शब्दाच्या नंतरच्या प्रवासाविषयी आहे.

*

६ नोव्हेंबर १९४३ रोजी सोव्हिएत फौजांनी कीव मुक्त केले. नाझी अत्याचारांची चौकशी करण्यासाठी सोव्हिएत सरकारने नेमलेल्या खास आयोगाने कीवविषयीचा अहवाल तयार केला. त्याच्या मूळ मसुद्यात हिटलरी टोळ्यांनी ज्यू लोकसंख्येचा सामुदायिक संहार केला, असे स्पष्ट लिहिलेले होते. मसुदा वरच्या कचेऱ्यांतून फिरून १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या वाक्यातील 'ज्यू' हा शब्द नाहीसा झालेला होता. त्याच्या जागी आले होते 'हजारो शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक'. नाक्याचे नाव तेच राहिले, पद्धत तीच राहिली, गुन्हेगारही तेच राहिले. बदलले ते फक्त बळींचे नाव.

हा बदल का झाला असावा? याला एकच कारण नव्हते. युद्ध अजून चालू होते आणि सर्व सोव्हिएत जनता एकजुटीने लढते आहे, हे चित्र सत्तेला हवे होते. 'बोल्शेविक म्हणजेच ज्यू' हा नाझी प्रचाराचा गाभा होता. ज्यूंच्या दुःखाचा वेगळा उच्चार केला तर त्या प्रचाराला बळ मिळेल, अशी भीतीही होती. शिवाय 'ज्यूंना ज्यू म्हणून मारले' असे म्हटले की, त्यांना ओळखून कोणी दिले, त्यांच्या घरांत नंतर कोण राहायला गेले, हे प्रश्न ओघानेच आले असते. 'सोव्हिएत नागरिक' या शब्दांनी हे सगळे प्रश्न झाकले जातात. त्या शब्दांत बळीही आले आणि शेजारीही आले.

तथापि लवकरच हे मौन केवळ सोयीचे राहिले नाही. इल्या एरेनबुर्ग आणि वासिली ग्रॉसमन यांनी सोव्हिएत भूमीवरील ज्यूसंहाराच्या साक्षी गोळा करून 'काळे पुस्तक' सिद्ध केले होते. त्यात बाबी यारचे प्रकरणही होते. १९४८ मध्ये त्याची छपाईची जुळणी मोडून टाकण्यात आली. त्याच वर्षी जानेवारीत यिडिश रंगभूमीचे थोर नट सोलोमन मिखोएल्स यांची मिन्स्क येथे हत्या झाली आणि ती मोटारअपघात म्हणून जाहीर करण्यात आली. वर्ष संपण्यापूर्वी ज्यू फॅसिझमविरोधी समिती बरखास्त झाली. पुढच्या वर्षी 'मुळे नसलेल्या विश्वनागरिकां'विरुद्धची मोहीम वृत्तपत्रांतून सुरू झाली. विश्वनागरिक म्हणजे कोण हे वाचकांना फोड करून सांगावे लागत नव्हते. १२ ऑगस्ट १९५२ रोजी त्या समितीशी संबंधित १३ जणांना मॉस्कोत गोळ्या घालण्यात आल्या. पेरेत्झ मार्किश, डेव्हिड बर्गेलसन, इत्झिक फेफर, लेब क्विट्को आणि डेव्हिड हॉफस्टाइन हे यिडिशमधील पाच साहित्यिक त्यांत होते. हिटलरशी लढताना ज्यांच्या लेखणीचा उपयोग करून घेतला, त्यांनाच त्या राजवटीने मारले. जानेवारी १९५३ मध्ये 'डॉक्टरांचा कट' उघडकीस आल्याची घोषणा झाली, तेव्हा आरोपींत बहुसंख्य ज्यू होते. स्टालिनच्या मृत्यूमुळे ते प्रकरण तिथेच थांबले.

बळींच्या नावातून एक शब्द गाळणे आणि त्याच शब्दाच्या जिवंत माणसांविरुद्ध मोहीम उघडणे या दोन गोष्टी अवघ्या दहा वर्षांत, एकाच राजवटीत घडल्या. पहिलीमुळे दुसरी घडली असे मी म्हणत नाही. इतिहासात कार्यकारणभाव इतका सरळ नसतो. पण पहिलीने दुसरीची वाट मोकळी केली, एवढे नक्की म्हणता येते. ज्यूद्वेषाने काय केले हे जिथे जाहीरपणे सांगितलेच गेले नाही, तिथे नवा ज्यूद्वेष ओळखण्याची सवय कोणाला आणि कशी लागणार?

*

शब्द गाळून झाला, तरी घळ उरली होती. नाझींनी ती स्वतःच नाहीशी करण्याचा एक प्रयत्न करून पाहिला होता. १९४३ च्या उन्हाळ्याअखेर पराभव दिसू लागताच तोच ब्लोबेल पुरावे नष्ट करण्याच्या मोहिमेचा प्रमुख म्हणून परत आला. जवळच्या सिरेत्स छावणीतील कैद्यांना साखळदंड घालून प्रेते उकरायला आणि जाळायला लावण्यात आले. आपलाही शेवट ठरलेला आहे हे ओळखून त्या कैद्यांनी २९ सप्टेंबर १९४३ च्या सुमारास, हत्याकांडाला बरोबर दोन वर्षे होत असताना, पळून जाण्याचा प्रयत्न केला. तीनशेहून अधिक जणांपैकी जेमतेम १५ जण वाचले. त्यांच्या साक्षींमुळेच हा दुसरा गुन्हा जगाला कळला.

सोव्हिएत राजवटीने त्याच जागेवर पन्नाशीच्या दशकात वेगळी योजना आखली. घळ बुजवायची आणि वर उद्यान व क्रीडांगण करायचे. त्यासाठी जवळच्या वीटभट्ट्यांतील चिखलपाणी वर्षानुवर्षे घळीत सोडण्यात आले आणि ते अडवायला मातीचा बांध घालण्यात आला. १० ऑक्टोबर १९५९ रोजी कीवचे कादंबरीकार व्हिक्टर नेक्रासोव यांनी 'लितेरातुर्नाया गाझेता' या वृत्तपत्रात या योजनेविरुद्ध लिहिले. जिथे इतकी माणसे मारली गेली तिथे खेळ आणि करमणूक करण्याची कल्पना कोणाला सुचू शकते, असा त्यांचा सवाल होता. नेक्रासोव स्टालिनग्राडला लढलेले, त्या लढाईवरील कादंबरीसाठी स्टालिन पारितोषिक मिळवलेले लेखक. ते ज्यू नव्हते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

१३ मार्च १९६१ रोजी बांध फुटला. घळीतला चिखल खालच्या कुरेनिव्का वस्तीवर कोसळला. सरकारी आकड्यानुसार १४५ माणसे मेली. प्रत्यक्षातील संख्या याच्या कितीतरी पट असल्याचे मानले जाते. पुराणकथा सांगणाऱ्या समाजाला या घटनेत शापाचे दर्शन घडावे हे साहजिक आहे, आणि कीवमध्ये तशी कुजबुज झालीही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला शापाची गरज नाही. विस्मरणासाठीसुद्धा यंत्रणा लागते, पंप लागतात, बांध लागतात, आणि तो बांध निकृष्ट असेल तर खाली राहणारी माणसे मरतात, एवढे साधे वास्तव पुरेसे आहे. त्या चिखलाखाली मेलेल्यांच्या मृत्यूविषयीही वृत्तपत्रांतून फारसे बोलले गेले नाही. गाळण्याची सवय एका विषयापुरती कधीच राहत नाही.

*

त्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९६१ रोजी, येवगेनी येव्तुशेन्को या तरुण कवीची 'बाबी यार' ही कविता 'लितेरातुर्नाया गाझेता'तच प्रसिद्ध झाली. स्मारकाचा अभाव हाच तिचा प्रस्थानबिंदू आहे. पण तेवढ्यावर ती थांबत नाही. स्वतः रशियन असलेला कवी तिच्यात इतिहासभरातील ज्यू बळींशी तादात्म्य पावतो आणि आपल्याच समाजातील ज्यूद्वेषाकडे बोट दाखवतो. सत्ताधाऱ्यांना खटकले ते हे दुसरे. नाझींचा निषेध करायला कोणाचीच हरकत नव्हती. 'आपल्यातही हे आहे' असे म्हणायला होती. कवीवर तुटून पडणाऱ्या टीकेचा सूर असा की, इतरही मेले असताना ज्यूंचेच नाव का घेता?

दिमित्री शोस्ताकोविच यांनी ही कविता आपल्या तेराव्या सिंफनीच्या पहिल्या भागासाठी घेतली. १८ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोत तिचे पहिले वादन झाले ते बऱ्याच दडपणाखाली. काही कलावंत ऐन वेळी बाजूला झाले होते. पुढील वादनांसाठी येव्तुशेन्को यांना काही ओळी बदलाव्या लागल्या आणि रशियन व युक्रेनियन बळींचा, तसेच रशियाच्या पराक्रमाचा उल्लेख त्यांत आला. जे बदलले ते खोटे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. बाबी यारमध्ये ज्यूंखेरीज इतरही मारले गेलेच होते. सेन्सॉर नेहमीच खोटे लिहायला लावतो असे नाही. कित्येकदा तो एक सत्य दुसऱ्या सत्याच्या अंगावर अशा बेताने उभे करतो, की मागचे दिसू नये.

या सगळ्या साहित्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची कृती अनातोली कुझ्नेत्सोव यांची. १९२९ साली कीवमध्ये जन्मलेले कुझ्नेत्सोव त्या घळीजवळच्या कुरेनिव्का वस्तीत वाढले. हत्याकांड झाले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि घरात बसून त्यांनी मशीनगनचे आवाज ऐकले होते. त्या वयात पाहिलेले आणि ऐकलेले ते वहीत लिहून ठेवत गेले. पुढे दीना प्रोनिचेवा यांना भेटून त्यांनी त्यांची हकीकत सविस्तर टिपली. त्यातून 'बाबी यार' ही 'दस्तऐवज-कादंबरी' तयार झाली आणि १९६६ साली 'यूनोस्त' मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली, पण बरीच कापून. स्थानिकांचा ज्यूद्वेष, कीवचा मुख्य रस्ता क्रेश्चाटिक सोव्हिएत हस्तकांनीच पेरलेल्या सुरुंगांनी उडवला ही गोष्ट, घळ बुजवण्याचा प्रयत्न आणि १९६१ चा चिखलप्रलय यांपैकी पुष्कळसे सेन्सॉरने काढून टाकले.

१९६९ साली कुझ्नेत्सोव लंडनला गेले आणि परतले नाहीत. संपूर्ण हस्तलिखिताचे फोटो काढून ती फिल्म त्यांनी कोटात शिवून नेली होती. १९७० मध्ये पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. मासिकात आलेला मजकूर साध्या टायपात, सेन्सॉरने कापलेला मजकूर ठळक टायपात आणि नंतर घातलेली भर कंसात, अशी पाने त्यांनी छापून घेतली. त्यामुळे हे पुस्तक वाचताना आपण एकाच वेळी दोन इतिहास वाचतो : घळीत काय घडले त्याचा, आणि ते सांगू न देण्याचा. संपूर्ण संहिता सलग छापून कुझ्नेत्सोव यांना आपले पुस्तक 'पूर्ववत' करता आले असते. त्यांनी व्रण दिसू दिला. पाठ्यचिकित्सा शिकवणाऱ्या प्रत्येकाने विद्यार्थ्यांपुढे एकदा तरी ठेवावे असे हे उदाहरण आहे. गाळलेला शब्द परत ठेवणे हे एक काम. तो गाळला गेला होता हे दाखवणे हे दुसरे, आणि दुसऱ्याशिवाय पहिले अपुरे आहे.

*

२९ सप्टेंबर १९६६ रोजी, हत्याकांडाच्या पंचविसाव्या स्मृतिदिनी, परवानगी नसताना काही शे माणसे बाबी यारपाशी जमली. तिथे नेक्रासोव बोलले. त्यांच्यानंतर बोलले ते युक्रेनियन समीक्षक इव्हान झ्युबा. युक्रेनियन भाषा-संस्कृतीच्या गळचेपीविरुद्ध लिहून त्यांनी आधीच सत्तेचा रोष ओढवून घेतला होता. स्वतःच्या समाजाच्या दुःखाचे गाऱ्हाणे मांडायला त्यांच्याकडे भरपूर होते. त्यांनी मांडले ते वेगळे. ही शोकांतिका युक्रेनच्या मातीवर घडली, म्हणून ती विसरण्याचा अधिकार युक्रेनियनांनाही नाही, आणि आपल्यातील ज्यूद्वेषाशी लढणे हे ज्यूंवर सोपवून देण्याचे काम नव्हे, ते आपले आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आपल्या समाजाविषयीचे प्रेम आणि आपल्या समाजाविषयीची लाज या दोन्ही गोष्टी एका भाषणात मावू शकतात, याचा हा वस्तुपाठ. झ्युबा यांना १९७२ साली अटक झाली. नेक्रासोव यांना १९७४ मध्ये देश सोडावा लागला आणि १९८७ साली ते पॅरिसमध्ये वारले. बोरिस कोचुबियेव्स्की या तरुण अभियंत्याने १९६८ च्या अधिकृत सभेत, इथे ज्यू मारले गेले हे का सांगत नाही, असा वाद घातला. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

अखेर १९७६ साली बाबी यारला भव्य स्मारक उभे राहिले. ते 'सोव्हिएत नागरिक' आणि युद्धकैदी सैनिकांचे होते. १९४४ मध्ये कागदावर केलेली दुरुस्ती आता ब्राँझमध्ये ओतली गेली होती. ज्यूंच्या नावाचे स्मारक, सात दिव्यांच्या मेनोराचे, उभे राहायला २९ सप्टेंबर १९९१ उजाडावा लागला. म्हणजे हत्याकांडाला पन्नास वर्षे व्हावी लागली आणि सोव्हिएत संघ शेवटचे श्वास घेत असावा लागला.

इथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. 'मृतांची विभागणी करू नका' हे सोव्हिएत उत्तर केवळ कावेबाज नव्हते. त्यात एक नैतिक आवाहनही आहे. बाबी यारमध्ये १९४३ पर्यंत मारणे चालूच होते. रोमा लोक, सोव्हिएत युद्धकैदी, जवळच्या मनोरुग्णालयातील रुग्ण, कम्युनिस्ट, युक्रेनियन राष्ट्रवादी असे अनेक तिथे मेले. एकूण बळींचे अंदाज ७०,००० ते १,००,००० यांच्या दरम्यान आहेत. मग एका समाजाचे नाव वेगळे घेणे हा इतरांवर अन्याय नाही का?

याचे उत्तर मला असे वाटते की, नाव घेणे म्हणजे विभागणी करणे नव्हे. 'सोव्हिएत नागरिक' म्हटल्याने रोमांना न्याय मिळाला असे झाले नाही. त्यांचेही नाव त्याच चादरीखाली गेले. उलट ज्यूंचे नाव घेण्याचा हक्क मिळाल्यावरच इतरांची नावे घेण्याची वाट उघडली. २०१६ साली तिथे रोमांचे स्मारक, त्यांच्या गाडीच्या रूपात, उभे राहिले. आणि दुसरे असे की, मृत्यू सर्वांचे सारखे असले तरी मरणाची कारणे सारखी नसतात. ३३,७७१ माणसांना त्यांनी काही केले म्हणून मारले नाही. ती ज्यू होती म्हणून मारले. यातील 'म्हणून' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'शांतताप्रिय नागरिक मारले गेले' या वाक्यात कर्म आहे, क्रिया आहे; 'म्हणून' मात्र नाही. तो काढला की शोक करता येतो, पण बोध घेता येत नाही. मृतांना फुले मिळतात आणि द्वेष निर्दोष सुटतो.

स्वतंत्र युक्रेनमध्येही हा प्रश्न संपला नाही. युक्रेनियन कवयित्री ओलेना तेलिहा हिला नाझींनी १९४२ मध्ये मारले. तिचा पुतळा २०१७ मध्ये बाबी यारजवळ बसवण्यात आला. ती नाझींची बळी होती यात शंका नाही. पण ती ज्या राष्ट्रवादी चळवळीतील होती, तिच्यातील अनेकांचा ज्यूद्वेषही इतिहासात नोंदलेला आहे, आणि पुतळ्यावर एवढे सगळे लिहिता येत नाही. मेनोराची विटंबनाही अनेकदा झाली. दुसरीकडे, सप्टेंबर २०२१ मध्ये ऐंशीवा स्मृतिदिन आठवड्यावर आलेला असताना युक्रेनच्या संसदेने ज्यूद्वेषविरोधी कायदा संमत केला. १ मार्च २०२२ रोजी रशियन क्षेपणास्त्रे बाबी यारशेजारच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यावर आदळली आणि किमान पाच माणसे तिथे मेली. ज्या देशाचा राष्ट्राध्यक्ष ज्यू आहे त्या देशावर 'नाझीमुक्ती'च्या नावाने केलेले ते आक्रमण होते. पूर्वी एक शब्द गाळला गेला; आता दुसरा पोकळ करून वापरला गेला.

*

हे सारे दूर कीवमध्ये घडले, मराठी वाचकाने त्याचे काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे या प्रश्नाला एक अभिमानाचे उत्तर ठरलेले आहे आणि ते खरेही आहे. कोकणातील बेने इस्रायली शतकानुशतके आपल्यात राहिले, तेलघाणी चालवून शनिवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले, गावांवरून आडनावे घेऊन मराठी बोलले, मराठीत कीर्तने केली; धर्मासाठी त्यांचा छळ झाला नाही. पण ज्याचा अनुभव नाही त्याची ओळखही आपल्याला नाही, ही या अभिमानाची दुसरी बाजू आहे. आपल्या वाचनातील हा इतिहास बव्हंशी हिटलरच्या उदयास्ताचा आहे, बळींचा नाही. ॲन फ्रँकच्या डायरीइतक्याच सहजपणे हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे दुकानात मिळतात, आणि 'शिस्त', 'राष्ट्रप्रेम', 'वक्तृत्व' अशा गुणांची यादी करत त्याची तारीफ करणारी माणसे सुशिक्षितांतही भेटतात. त्यांच्या मनात ज्यूंविषयी द्वेष असतोच असे नाही; बहुधा ज्यू त्यांच्या विचारात कुठे नसतातच. हाही एक गाळलेला शब्दच आहे.

आणि एक घटना तर आपल्याच दारातली आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा कुलाब्याच्या एका गल्लीतील नरिमन हाउस हे हल्लेखोरांचे एक ठरवलेले लक्ष्य होते. ते ना मोठे हॉटेल होते, ना गर्दीचे स्थानक. तिथे गॅब्रिएल होल्ट्झबर्ग हे तरुण रब्बी आणि त्यांची पत्नी रिव्का ज्यू प्रवाशांसाठी एक केंद्र चालवीत. त्या दोघांसह तिथे सहा जण मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युअल हिने बाहेर काढले. दरवर्षी आपण त्या हल्ल्यातील बळींना आदरांजली वाहतो तेव्हा 'निरपराध नागरिक' म्हणतो. म्हणणे चूक नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेलेले प्रवासी आणि नरिमन हाउसमधले सहा जण सारखेच निरपराध होते. पण मुंबईच्या नकाशावर शोधूनही सापडू नये अशी ती इमारत मारेकऱ्यांनी का निवडली, हे त्या शब्दांतून कळत नाही. कारण तेच आहे, जे १९४१ मध्ये कीवच्या भिंतीवर लिहिलेले होते.

आजचा ज्यूद्वेष अनेक वेशांत येतो. पिट्सबर्गमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रार्थनागृहात अकरा जणांना मारणारा गोरा वंशवादी होता. २०१९ च्या योम किप्पूरला जर्मनीतील हाले येथे बंदूकधारी प्रार्थनागृहाचे दार फोडू शकला नाही म्हणून आतले वाचले. बाहेर दोघे मेले. कुठे तो धर्माच्या नावाने येतो, कुठे जगाचा पैसा मूठभर लोकांच्या हाती असल्याच्या जुन्या कटकथेच्या रूपात, कुठे संहार झालाच नाही या दाव्याच्या रूपात. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेली प्रचंड मनुष्यहानी यांमुळे हा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे. एखाद्या राज्याच्या धोरणावर, त्याने चालवलेल्या युद्धावर कठोर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. तसे म्हणणे हा स्मरणाचा गैरवापर ठरेल. पण त्या राज्याच्या कृत्याचा जाब लंडनच्या शाळकरी मुलाला किंवा अलिबागच्या प्रार्थनागृहातील म्हाताऱ्याला तो ज्यू आहे म्हणून विचारला जाऊ लागला की, ती टीका राहिलेली नसते. इथेही कसोटी त्या 'म्हणून'चीच. आणि ती सर्वांना लावता आली पाहिजे. मुसलमान म्हणून, दलित म्हणून, तुत्सी म्हणून, पॅलेस्टिनी म्हणून ज्यांना मारले गेले, त्यांच्या बाबतीत हा शब्द गाळण्याची सवलत आपण घेऊ लागलो, तर बाबी यारवरून आपण काहीच शिकलो नाही असे म्हणावे लागेल.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या इतिहासात एक दिलासा आहे, आणि एक जबाबदारीही. स्मारक उभे राहायला पस्तीस वर्षे लागली आणि तेही चुकीचे उभे राहिले. तोपर्यंत आणि त्यानंतरही त्या घळीचे खरे स्मारक एक लेख, एक कविता, एक सिंफनी आणि तीन टायपांत छापलेली एक कादंबरी हेच होते. ही कामे करणारे बहुतेक जण ज्यू नव्हते. त्यांनी मृतांसाठी फार मोठे काही केले असे त्यांना स्वतःलाही वाटले नसावे. वाक्यातून काढून टाकलेला शब्द त्यांनी परत जागेवर ठेवला, इतकेच. संहिता तपासणे, गाळलेले ओळखणे आणि ते कोणी, कशासाठी गाळले हे विचारणे हेच तर आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. दर वर्षी २७ जानेवारीला जगभर संहारातील बळींचे स्मरण होते. त्या दिवशी मौन पाळण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण मौनानंतर जे वाक्य उच्चारले जाईल ते पूर्ण आहे ना, हे पाहण्याचे काम आपले आहे.